वटवाघळांच्या साक्षीने सापडलेली गुहा

गुहा स्वतः होऊन आपला पत्ता कुणाला देत नाही. वटवाघूळ मात्र तो देतं, आणि त्यात खोटेपणा करत नाही, कारण त्याला बढतीची आशा नसते. या भक्कम तत्त्वावर तळोद्यात गुहाशोध कक्ष उघडला आणि कोरीटचा भाग्येश तिथे कंत्राटी शोधक म्हणून लागला.

पूर्वी गुहा शोधायला लोक डोंगरात हिंडायचे. ही पद्धत मागास होती (तिच्यात गुहा सापडत). नवी पद्धत शास्त्रीय होती. वन्यजीवांच्या गणतीचे अहवाल वाचायचे. वटवाघूळ, साळिंदर आणि घुबड एकाच ठिकाणी नोंदलेले दिसले की नकाशावर गोल काढायचा. गोलात गुहा असणारच. नसली तर चूक डोंगराची.

कक्षप्रमुख हेमांगी मॅडमचा प्राण्यांवर इतका विश्वास होता, की भूगोलाची त्यांना गरजच पडत नसे. तरीही वर्षभरात निघालेल्या गोलांमध्ये भाग्येशला एक विहीर, दोन वड आणि एक चिडलेलं साळिंदर एवढंच मिळालं. कंत्राट संपत आलं होतं. कोरीटला वडील अभिमानाने सांगत, "आमना पोऱ्या गुहा शोधस." सोयरीक घेऊन आलेल्या पाहुण्याने शांतपणे विचारलं, "आनि सापडनी की ठेवस कोठे?" सोयरीक तिथेच थांबली.

अशात सातपुड्यातल्या एका पाड्यावर वटवाघळांची विक्रमी गर्दी असल्याचा अहवाल आला. भाग्येश जीपने रस्ता संपेपर्यंत गेला आणि उरलेला डोंगर पायी चढला. वर पोचला तर समोर सिमेंटची इमारत. दार नव्हतं. कपाळावर 'आरोग्य उपकें' एवढी अक्षरं शिल्लक होती. हातातलं वटवाघळांचे आवाज टिपणारं यंत्र मात्र तडतडत होतं, जणू लग्नाची वरात आत शिरली आहे.

पायरीवर नानीबाई बसली होती. तिच्या बकऱ्या आत होत्या. तिची पावरी बोली त्याला येत नव्हती, त्याचं शाळेतलं मराठी तिला नको होतं. मग दोघं बाजारातल्या अहिराणीवर आली.

"हाई काय शे, मावशी?"

"दवाखाना शे."

"डॉक्टर कोठे शे?"

"उद्घाटनले उना व्हता."

भाग्येशने मॅडमना फोन लावला. "मॅडम, ही गुहा नाही, इमारत आहे. स्विचबोर्ड आहे."

"त्यात वीज आहे?"

"नाही. कधी आलीच नाही म्हणतात."

"मग त्याला स्विचबोर्ड कसं म्हणणार? भिंतीवरची चौकोनी वाढ असं लिहा. बांधकाम पूर्ण झालं होतं?"

"अर्धवट टाकून गेलेत."

"म्हणजे मानवी हस्तक्षेप अपुरा. निसर्गाने पूर्ण केलं."

छतातून लोंबणाऱ्या गंजक्या सळया लोहयुक्त लवणस्तंभ ठरल्या. 'हात धुवा' या सूचनेतला रंगवलेला हात आदिमानवाचा ठरला. खालचा पेंटरचा मोबाइल नंबर अद्याप न उलगडलेल्या लिपीत गेला.

फोन ठेवून भाग्येश नानीबाईशेजारी बसला. त्याला बरं वाटत नव्हतं. गुहा लिहिली तर पाड्याचा दवाखाना गेला, दवाखाना लिहिला तर त्याचं कंत्राट गेलं. त्याने सगळं तिला जसंच्या तसं सांगितलं.

नानीबाईने विचार केला. "दवाखाना लिखा तर कोण यी?"

"कोन्हीच नही."

"आनि गुहा लिखी तर?"

"साहेब लोक येतीन. रस्ता व्हई. दिवा लागतीन."

"मंग गुहाच लिख, भाऊ. आम्ही बाळंतीणले झोळीमा तळोदाले लई जातस. रस्ता व्हई गया तर जीपमा जाई." मग आत बघून म्हणाली, "मन्ह्या बकऱ्या बी लिखी ले. नहीतर त्यास्ले बाहेर काढशात."

भाग्येशने बकऱ्यांची 'दुर्मीळ गुहावासी, पाळीव स्वभावाच्या' अशी नोंद केली आणि बऱ्याच दिवसांनी त्याला पोटभर हसू आलं.

गुहेला रस्ता आला. दिवे आले. वटवाघळांच्या आरोग्याची काळजी म्हणून दर मंगळवारी पशुवैद्य येऊ लागला. पाड्यातली माणसं त्याच्यासमोर रांगेत उभी राहतात. तो नाडी बघतो, औषध देतो आणि 'इतर सस्तन' या रकान्यात त्यांची नोंद करतो. भाग्येश कायम झाला. पुढच्या पावसाळ्यात नानीबाईची सून जीपमधून तळोद्याला गेली आणि मुलगी घेऊन जीपमधूनच परतली.

आता तिथे लांबून सुशिक्षित, वाचनाची आवड असलेली मंडळी येतात. आदिमानवाच्या त्या हातासमोर श्वास रोखून उभी राहतात आणि फोटो काढतात. आपणही अवश्य जावं. फक्त आत हळू बोलावं. वटवाघळांना आपल्या आवाजाची सवय नाही. दवाखाना सुरूच झाला नाही, तेव्हा आपण तो उठवलाच नव्हता.