फूटपट्टीने मोजलेली हिरवळ

संपदाचं पत्र होळीच्या सुमारास आलं होतं. आता आंबे संपत आले, तरी चंद्रहास दातारांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्रात टाळावं असं काही नव्हतं. नागपूरहून लेकीने मायेनेच लिहिलं होतं, "बाबा, एकटं राहणं तुम्हाला झेपेल असं मला वाटत नाही. पण आईची हिरवळ तुम्ही जगवली असलीत, तर मी समजेन की झेपतंय. मग पुन्हा 'नागपूरला चला' म्हणून मागे लागणार नाही. कशी आहे ते खरं खरं कळवा."

खरं खरं कळवण्यातच पंचाईत होती.

गिरीज गावातल्या त्यांच्या बैठ्या घरापुढे पत्नी वसुंधराबाईंनी लावलेली ती हिरवळ दोन सतरंज्या अंथराव्यात एवढीच. आजूबाजूला केळीच्या नि माडांच्या वाड्या. जे खाता येत नाही, विकता येत नाही, असं गवत मुद्दाम लावणारं घर त्या आळीत हे एकच. चंद्रहासरावांच्या निवृत्तीच्या थोडं आधी वसुंधराबाई गेल्या. तेव्हापासून ते रोज संध्याकाळी हिरवळीवर खुर्ची टाकून, दाराकडे पाठ करून वाचत बसत. पाठ केली की ती आत स्वयंपाकघरात आहे असं वाटत राही. नागपूरला तिसऱ्या मजल्यावर तसं वाटायची सोय नव्हती.

म्हणून गवत जगायला हवं होतं. आणि ते तर कडेकडेने पिवळं पडत चाललं होतं.

चंद्रहासरावांचा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात गेलेला. त्यांनी या विषयावरचं एक जाडजूड पुस्तक मिळवलं. ऊन पडलं की लोक सुट्टी घेतात अशा कुठल्या तरी थंड देशातलं ते पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं, गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कधीही कापू नये. आता उंची कळल्याशिवाय तृतीयांश कसा काढणार? एका रविवारी आळीतली माणसं चर्चमध्ये मिस्साला गेली असतील अशा हिशेबाने चंद्रहासराव फूटपट्टी आणि बायकोची शिवणाची कात्री घेऊन हिरवळीवर पालथे पडले आणि एकेक पातं मोजू लागले.

"काय हरवलं काय, भाऊ?"

शेजारचा आलोशियस कुंपणावरून वाकून बघत होता. तो पहिल्या मिस्साला जाऊन आला होता, हे त्यांच्या हिशेबात नव्हतं.

गवत मोजतोय, हे सांगायला त्यांची जीभ उचलेना. फूटपट्टी पोटाखाली सरकवत ते म्हणाले, "हो... म्हणजे... कुडी."

"कुडी? कानातली? कोनाची?"

"हिची."

आलोशियसने चपला काढल्या. देवळात शिरावं तसा तो हलक्या पावलांनी आत आला. "ताईंची कुडी हरवली, आनि तुम्ही एकटे शोधता? आम्ही मेलो काय?"

"अहो, राहू दे. एवढं काही..."

"एवढं काही नाय कसं? बायकोची वस्तू हाय, भाऊ." तो गुडघ्यांवर बसला. "काळजी नको. संत अंतोनीला आताच मेनबत्ती कबूल केली. हरवलेलं तो देतोच."

संत अंतोनीचं नाव निघाल्यावर चंद्रहासराव हादरले. आतापर्यंत ते फक्त शेजाऱ्याशी खोटं बोलले होते.

आलोशियसच्या हाकेने पलीकडचा सॅन्टन आला. सॅन्टन घरं बांधायची कामं घेई. त्याने हिरवळीला एक फेरी मारली आणि निकाल दिला, "असं बोटांनी चाचपून कुडी भेटत नसते. ती मुळांत गेली असनार. गवत उचलायला पायजे."

"उचलायला म्हणजे?"

"पट्ट्या कापून गुंडाळून ठेवू ना बाजूला. माती चाळू. मग परत अंथरू. चटईसारखं. तुम्ही फक्त चहाचं बघा, काका."

खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. चंद्रहासरावांनी घसा खाकरला. सॅन्टन थांबला, आलोशियसही थांबला. दोघांनी इतक्या आस्थेने त्यांच्याकडे पाहिलं की ते म्हणाले, "साखर किती?"

चहा घेऊन ते बाहेर आले तेव्हा निम्मी हिरवळ गुंडाळून झाली होती. पिवळ्या कडा हातात येताच तुटत होत्या. आता खरं सांगणं मघापेक्षा कठीण झालं होतं, आणि दुसऱ्या चहाला त्याहून कठीण झालं. सॅन्टनने रेतीची चाळण आणली. मातीत ढेकळं निघाली म्हणून आलोशियसने पंप लावून पाणी सोडलं. ऊन चढलं तशा कुंपणापाशी ठेवलेल्या गुंडाळ्या कोमेजल्या, आणि अंगणात भातलावणीपुरता चिखल झाला.

चाळणीत एक बटण आलं, बाटलीचं बूच आलं. मग एक गंजलेली केसांची पिन आली. सॅन्टनने ती पाण्याने धुतली आणि दोन बोटांत धरून पुढे केली. "ही ताईंचीच असनार."

चंद्रहासरावांनी ती खिशात ठेवली. बराच वेळ त्यांना दोघांकडे बघवेना.

तेवढ्यात आलोशियसची बायको कॅथरिन चर्चमधून आली आणि फाटकातच थबकली.

"हे काय मांडलंय?"

"ताईंची कुडी हरवलीय," आलोशियस चिखलातून म्हणाला.

"कुडी? ताईंना न्यायच्या आधी दोन्ही कुड्या मीच काढल्या. पुडीत बांधून भाऊंच्या हातात दिल्या. हो ना, भाऊ?"

आलोशियसने पंप बंद केला.

"मी गवत मोजत होतो," चंद्रहासराव म्हणाले.

"काय करत होता?"

"मोजत होतो. फूटपट्टीने. सांगायची लाज वाटली." मग मात्र सगळंच बाहेर पडलं. पत्र, नागपूर, तृतीयांश. "तिने दहा-बारा वर्षं ही हिरवळ राखली. मला एक उन्हाळा काढता आला नाही. आता संपदाला काय तोंडाने सांगू?"

कॅथरिनने पदर तोंडाला लावला. ती रडते आहे असं त्यांना वाटलं. ती हसत होती.

"कोनी राखली? ताईंनी? अवो भाऊ, ताईंचं गवत दर उन्हाळ्याला मरायचं! तुम्ही कामावर गेले का निर्मळहून टेम्पो यायचा, नव्या गवताच्या लाद्या घेऊन. आम्ही दोघी बसवायचो. संध्याकाळी तुम्ही यायचे आनि म्हनायचे, 'वा! काय हात आहे तुझा!' आम्ही आत हसून हसून मरायचो."

"पण मला सांगितलं का नाही तिने?"

कॅथरिनचं हसू ओसरलं. "मी विचारलं होतं एकदा. ताई बोलल्या, हा मानूस पुस्तकातून मान वर काढून घरातली एवढीच गोष्ट बघतो. ती पन मेली म्हनून कशाला सांगू?"

चंद्रहासराव ओट्याच्या पायरीवर बसले. ओळ न ओळ लक्षात ठेवणारा माणूस, आणि पायाखालचं गवत दरवर्षी बदललेलं त्याला कळलं नव्हतं. ते हसू लागले. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसू लागले आणि पुसतच राहिले. सॅन्टन चाळणीकडे बघत उभा राहिला.

शेवटी आलोशियस हळूच म्हणाला, "पन मेनबत्तीचं काय? कबूल केलीय मी."

"लाव," कॅथरिन म्हणाली. "आनि भाऊंना पन ने. घरी एकटे बसून परत काय तरी मोजतील."

"तो टेम्पोवाला अजून आहे का?" चंद्रहासरावांनी विचारलं.

"हाय ना. सांगू काय त्याला?"

त्यांनी चिखलाकडे पाहिलं. "नको," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी पोस्टकार्ड घेतलं. खाडाखोड करायची सवय जन्माची, पण आज ती झाली नाही. "चि. संपदास आशीर्वाद. हिरवळ मेली. मीच मारली. आईचीही मरायची, फक्त ती मला कळू देत नसे. तुझ्या परीक्षेत मी नापास आहे. तरी इथेच राहीन म्हणतो. सुट्टीत ये, चिखल दाखवतो."

मेणबत्ती लावायला आलोशियसबरोबर जाताना, नाक्यावरच्या पेटीत त्यांनी ते टाकलं.