कोळेकर सरांचा ऑक्सिजन

सगळं जग ऑक्सिजनवर जगतं. आमच्या शेजारच्या कोळेकर सरांचा मात्र त्याच्याशी उभा दावा. पुंडलिकनगरात त्यांच्या घराची बेल वाजवा, आतून आरोळी आलीच, "आला का ऑक्सिजन!" पेपरवाला ऑक्सिजन, गॅसवाला ऑक्सिजन, गणपतीची वर्गणी मागायला जाणारे आम्ही तर अख्खं सिलिंडर.

सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर कॉम्प्युटरवर एकच उद्योग: पातळ द्रवाचं प्लास्टिक किती वेगानं होतं, याचं गणित मांडायचं. वडील मेंढपाळ, म्हणून समजावणंही तसलंच. "फ्री रॅडिकल म्हणजे उधळलेलं मेंढरू. ते दुसऱ्याला ओढतं, दुसरं तिसऱ्याला, लई लांब रांग लागते, तेच प्लास्टिक. मधी ऑक्सिजन घुसला की रांग खल्लास!"

घरातला सगळ्यात मोठा ऑक्सिजन म्हणजे काकू. कधी चहा घेऊन, कधी गुलमंडीच्या बाजारातून आणलेलं नवं पातळ दाखवायला त्या खोलीत शिरायच्या. "मालती, दार लाव!" सर ओरडायचे. काकू हसत दार सताड उघडं टाकून जायच्या.

एवढं करून गणित जुळत नव्हतंच. कॉम्प्युटरमध्ये ही रांग लगेच सुरू व्हायची, प्रयोगशाळेतल्या जुन्या नोंदींत मात्र उशिरा. सर त्याचंही खापर काकूंवर फोडायचे.

गेल्या वर्षी काकू गेल्या. मुलगा पुण्याला असतो. परवा संध्याकाळी बायकोनं दिलेला भाजीचा डबा घेऊन गेलो, तर दार उघडं, हलू नये म्हणून खाली वीट लावलेली. आरोळी नाही.

स्क्रीनवर गणिताची आणि जुन्या नोंदींची, दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या होत्या.

"जुळलं," सर म्हणाले. "प्रयोगात नायट्रोजन फुंकून ऑक्सिजन हाकलला होता ना, म्हणून मी त्याला गणितात धरतच नव्हतो. पण थोडा मागं राहतोच. आता धरला."

"वा! अभिनंदन सर!"

ते स्क्रीनकडेच बघत राहिले. "हिला सांगायचं राहून गेलं हो. जन्मभर दार लाव, दार लाव म्हणलो. आता उघडं ठेवतो, तर कुणी येत नाय."

डबा ओट्यावर ठेवून मी घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दार तसंच उघडं होतं. तरी मी बाहेर उभा राहून बेल वाजवली. मग खुर्ची सरकली आणि घोगरा आवाज आला.

"आला का ऑक्सिजन? या, या. चहा टाकतो."