यकोबकाकांची तहान

आमच्या चर्चमध्ये निळ्या डोळ्यांच्या, सोनेरी केसांच्या येशूची तसबीर आहे. यकोबकाका आले की आधी तिच्यावर आपला टॉवेल टाकतात. "पावनं गोरं हायत. सोलापूरचं ऊन बाधंल की!"

पाळक रागावतात. मला मात्र काका तिथंच आवडले. मी 'येशू गोरा नव्हता!' असं पत्रक छापून चर्चच्या दारात वाटलं. काकांनी ते दोनदा वाचलं.

"झ्याक लिवलंस, पोरी. पर गोऱ्याशी भांडाय सोपं. त्यो काय उत्तर देतोय? बाकावरच्यास्नी इचार की, जात कुटं ठिवून आलाव म्हनून!"

काकांचं दुसरं खूळ म्हणजे तहान. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत द्राक्षरस पिण्याच्या विधीला, आमच्यात एकच प्याला हातोहात फिरतो. आधी पुरुषांत, मग बायकांत. काका खुशाल बायकांच्या शेवटच्या बाकावर बसतात. प्याला आला की तळापर्यंत रिकामा. वर मिशा पुसत, "ऊन लई हाय." पोरं त्यांना रांजण म्हणतात.

यंदा चर्चच्या पंचांनी सभेत ठराव आणला: पुढच्या महिन्यापासून प्रत्येकाला वेगळा छोटा ग्लास. स्वच्छता म्हणे! काका उभे राहिले. "एकच प्याला ऱ्हाऊ द्या."

"तुमची तहान ग्लासात मावायची नाही, काका!" कुणीतरी ओरडलं. सभा हसली. ठराव पास.

मी बाहेर त्यांना गाठलं. "समतेचा मुद्दा का नाही मांडलात?"

"मुद्दा कसला? तुजी काकू बसायची तितं." काकू जाऊन बरीच वर्षं झालीत. "ती खालच्या जातीची म्हनं. बाप्तिस्मा त्योच, पाळक त्योच, पर तिचं ओट लागलं की पल्याडची बाई प्याला घ्यायची न्हाय. पयल्या दिशी लई रडली. मग मीच तिच्या पल्याड जाऊन बसलो. समदं पिऊन टाकायचो. रिकाम्या प्याल्याला कोन न्हाय म्हननार? बाया कटाळून फुडच्या बाकांवर ग्येल्या. मला हसली समदी. तिला न्हाय."

"आणि आता?"

"जागा मोकळी हाय. पर प्याला तितनंच येतो की."

एका प्याल्याचा तो शेवटचा रविवार. मी सरळ काकांच्या पल्याड, भिंतीकडेला जाऊन बसले. काकूंच्या मोकळ्या जागेवरून प्याला आला. काकांनी सवयीनं तो उंच केला आणि मध्येच थांबले. माझ्याकडे बघितलं. आत घोटभर रस उरला होता.

"घे, पोरी," ते म्हणाले. "ऊन लई हाय."