काउंटरवालीचा भाऊ

आचाऱ्याने आपल्या बायकोला पहिल्यांदा ‘ताई’ म्हटलं तेव्हा त्याची जीभ अडखळली होती. दुसऱ्यांदा हसू आलं. पुढे पुढे इतकं अंगवळणी पडलं की घरीही त्याच्या तोंडून ‘ताई, मीठ दे’ निघू लागलं, आणि तीही न दचकता मीठ देऊ लागली.

या सगळ्याला कारण दोघं कामाला होती त्या बारचा मालक. त्याचा नियम होता की काउंटरवरच्या बाईला नवरा नसतो. “भाऊ चालतो,” तो म्हणायचा. “भाऊ दिसला की पाहुण्याला वाटतं, चांगल्या घरची आहे. नवरा दिसला की तो हातातला ग्लास संपवतो आणि चालू लागतो.” त्यामुळे त्या बारमधला आचारी, दारावरचा माणूस, भांडी घासणारा, सगळे कुणाचे ना कुणाचे भाऊ होते.

पाहुणे म्हणजे परदेशी प्रवासी. सुट्टीला यायचे, चौथ्या ग्लासाला प्रेमात पडायचे आणि आपल्या देशी परतून पैसे धाडत बसायचे. एकाने तर दारावरच्या माणसाच्या सासूच्या ऑपरेशनसाठी इतकी मदत केली की त्या माउलीचं एकच पित्ताशय तीनदा काढावं लागलं. ती माउली केव्हाच वारली होती, ही गोष्ट वेगळी. आचाऱ्याला या लोकांची कीव यायची. “डोळे असून आंधळे,” असं तो कांदा चिरता चिरता म्हणायचा.

त्याच्या बायकोवर जो भाळला, तो तिकडे प्लंबर होता. थोराड अंगाचा, टक्कल पडलेला, विधुर. तो बाकीच्यांसारखाच परत गेला, बाकीच्यांसारखेच पैसे धाडत राहिला, आणि एका दुपारी न कळवता बॅग घेऊन त्यांच्या घराच्या दारात उभा राहिला. आचारी बनियनवर लोळत होता. भिंतीवर लग्नाचा फोटो होता. त्याच्या म्हाताऱ्या आईने प्रसंग ओळखून तो खाली काढला, गादीखाली सारला आणि त्यावरच बसली.

“ही माझी आई,” बायकोने सासूकडे बोट दाखवलं. “आणि हा दादा.”

“मी हॉटेलात राहणार नाही,” पाहुणा मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला. “इथे राहतो. घरची माणसं समजतील.”

त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. तो ज्या फ्रिजला टेकून उभा होता तो त्याच्याच पैशाचा होता. मग बायका आतल्या खोलीत आणि पुरुष बाहेरच्या खोलीत, अशी वाटणी झाली. आचाऱ्याच्या वाट्याला बायकोच्या प्रियकराशेजारची चटई आली.

“आठवडाभर सोस,” बायको त्याच्या कानाशी पुटपुटली. “कंटाळून जाईल तो.”

कंटाळेल तो प्लंबर कसला. दुसऱ्याच दिवशी त्याचं लक्ष स्वयंपाकघरातल्या नळाकडे गेलं. हा नळ कित्येक वर्षं ठिबकत होता. त्याखाली बादली असायची, आणि आचारी ‘रविवारी बघतो’ म्हणायचा. पाहुण्याने बॅग उघडली. दोन शर्टांखाली पाने, पकडी, वायसर, सगळं होतं. चहा उकळेपर्यंत नळ गप्प झाला.

बायकोने नळ उघडला, बंद केला. पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. “इतकं सोपं होतं?” ती म्हणाली. तिने ते कुणालाच उद्देशून विचारलं नव्हतं, तरी आचाऱ्याला ते लागलं.

नळानंतर दाराची कडी झाली, मोरीतला दिवा झाला, आणि मग पाळी आली म्हातारीची. सुनेचं नाव काढलं की नाक मुरडणारी ही बाई आता पाहुण्यासमोर तिला ‘बाळ’ म्हणत होती, तेही दातओठ खात. पाहुण्याने तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, चष्मा करून दिला, आणि म्हातारीचे ओठ सैल झाले.

“जावई गुणाचा आहे हो,” ती म्हणाली.

“कुणाचा जावई?” आचारी फिसकारला. “अगं, सून आहे ती तुझी.”

“असू दे. गुणाचा तो गुणाचाच. आणि मला नीट दिसायला लागल्यापासून बघते, तू नुसता पडूनच असतोस की रे.”

आता मात्र आचाऱ्याला घाम फुटला. त्याने कंबर कसली. बायको कामावरून आली की पाहुणा तिला विचारायचा, “पाय दुखतात?” म्हणून आचारी त्याच्या आधी धावला आणि तिच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला. दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या चपलेचा तुटका अंगठा शिवून आणला. पाहुण्याचे डोळे भरून आले. “चांगला भाऊ आहेस,” तो पाठ थोपटत म्हणाला. आचारी जे जे करी ते भावाच्याच खात्यात जमा होई. नवऱ्याचं खातं त्याने स्वतःच कधी उघडलं नव्हतं.

आठवडा उलटला, दुसरा उलटला. एका सकाळी पाहुणा इस्त्रीचा शर्ट घालून त्याच्यासमोर बसला.

“तुझे वडील नाहीत, म्हणून तुलाच विचारतो. तुझ्या बहिणीला नेऊ का? आईलाही नेईन.”

कोपऱ्यात म्हातारी चपला शोधू लागली. आचाऱ्याचा धीर तिथे सुटला.

“ती माझी बहीण नाही. बायको आहे. लग्नाची बायको आहे.”

पाहुणा रागावला नाही. त्याने आचाऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. “बहीण निघाली की भावाला त्रास होतो. मला समजतं. पण खोटं बोलू नकोस. इतके दिवस बघतो आहे, तू तिला एकदाही ‘जेवलीस का’ विचारलं नाहीस. नवरा असा असतो?”

आचाऱ्याने गादीखालून फोटो ओढून काढला. काच तडकली होती. त्यातला सडपातळ पोरगा नवरीकडे बघून तोंडभर हसत होता. पाहुण्याने एकदा फोटोकडे आणि एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि फोटो म्हातारीच्या हाती दिला. तिने चष्मा सावरून तो निरखला.

“कोण जाणे,” ती म्हणाली. “हा तर हसतोय.”

“तूच सांग,” पाहुणा आचाऱ्याच्या बायकोकडे वळला. “हा तुझा कोण?”

ती नळापाशी उभी होती. बोल, एवढं एकदा बोल, असं आचारी मनात म्हणत होता. ही बाई आपल्याला हवी आहे, हे त्याला आजवर कधी आठवावंच लागलं नव्हतं. तिने हात पुसले आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तरी त्याला बरं वाटलं असतं.

“दादा आहे,” ती म्हणाली.

बसस्टँडपर्यंत तिची बॅग आचाऱ्यानेच वाहिली. नाही म्हणायला भावाकडे कारण काय होतं? म्हातारी खिडकीची जागा धरून बसली. गाडी सुटताना बायको खिडकीतून म्हणाली, “जेवत जा वेळेवर, दादा.” आणि तिला रडू आलं.

पुढच्या सोमवारी मालकाने काउंटरवर नवी बाई आणली. तिचा नवरा भांडी घासायला लागला. नवीन होता, बावरलेला होता. स्वयंपाकघरात येऊन त्याने हळूच विचारलं, “पाहुण्यांनी विचारलं तर मी कोण म्हणून सांगायचं?”

“भाऊ,” आचारी म्हणाला.

“फक्त एवढंच ना?”

आचारी कांदा चिरत राहिला. आज कांदा फारच तिखट होता.

“तुझ्या घरी नळ ठिबकतो का?” त्याने विचारलं.

“ठिबकतो जरा. रविवारी बघणार आहे.”

आचाऱ्याने सुरी खाली ठेवली आणि त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं. “भांडी मी घासतो,” तो म्हणाला. “तू आत्ता घरी जा.”