नव्या डेस्कटॉपवर सासूबाई

जगातल्या निम्म्या माणसांना आपल्याला नीट दिसत नाही हेच ठाऊक नसतं, यावर चष्मेवाल्यांचा पक्का विश्वास होता! बावीस वर्षं त्यांनी दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकावर जड फ्रेम चढवून एकामागून एक काचा बदलल्या होत्या आणि प्रत्येकाला "आता कसं दिसतंय? आणि आता?" असं विचारलं होतं. ही खोड दुकानातच राहिली असती तर कुणाची तक्रार नव्हती. एका रविवारी सकाळी ती घरच्या कॉम्प्युटरवर येऊन पडली.

घरचा कॉम्प्युटर लिनक्सवर चालायचा. त्यात आतलं सगळं तसंच ठेवून नुसतं वरचं रूप, म्हणजे पट्ट्या, मेनू, खिडक्या, बदलता येतं. असं एक नवंकोरं रूप बसवायचं चष्मेवाल्यांनी ठरवलं.

"अर्ध्या तासाचं काम!" ते बायकोला म्हणाले. ती नर्स. ड्यूटीवर निघालेली, चपलेत पाय घालता घालता थांबली.

"साडेदहाला आबा बसतात तिथे. लक्षात आहे ना?"

"अगं, त्यांना आणखी छान दिसेल!"

"त्यांना काही बघायचं नसतं," ती म्हणाली आणि गेली.

आबा म्हणजे तिचे वडील. सासूबाई गेल्यापासून ते लेकीकडेच राहत. रोज साडेदहाला कॉम्प्युटरसमोर बसायचे, वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या एका चित्रावर माउसच्या दोन टिचक्या मारायचे आणि चौदा सेकंद ऐकायचे. माइक चालतो का, हे सासूबाईंनी एकदा बोलून पाहिलं होतं. तेवढाच त्यांचा आवाज घरात उरला होता. "हे चालू झालंय का? दिवा तर लागलाय. अहो, गॅस बंद केलात का? छे, काही उमटत नाही यात!" एवढंच. मग आबा उठून आंघोळीला जायचे. तीन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

नवं रूप सव्वादहाला बसलं. काय देखणं होतं! पडद्यावर निळे डोंगर, आणि बाकी काही म्हणजे काही नाही. चष्मेवाले स्वतःवरच खूश झाले. तेवढ्यात आबा आले, बसले. कोपऱ्यात, डोंगरावरच्या रिकाम्या आभाळात, त्यांनी दोन टिचक्या मारल्या. थोडं थांबून आणखी दोन.

"जावईबापू, ही कुठे गेली?"

या रूपात पडद्यावर फायली दिसतच नाहीत, हे चष्मेवाल्यांना आत्ता कळत होतं. फाइल आत कुठेतरी असणार, पण नाव काय तिचं? त्यांनी शोधायच्या चौकटीत "आई" टाकलं, "सासूबाई" टाकलं, "आवाज" टाकलं. सासूबाईंनी फाइलला दिलेलं नाव "ककक" होतं, ते कुणाच्या बापाला सुचणार होतं!

शहाण्या माणसाने इथे माघार घेतली असती. चष्मेवाल्यांनी काच बदलली. हे नको, तर तिसरं रूप पाहू! ते बसवताना कॉम्प्युटरने मध्येच काहीतरी विचारलं आणि त्यांनी न वाचताच हो म्हटलं. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि त्याने, या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, पासवर्ड मागितला.

तो बायकोने ठेवलेला. वॉर्डात फोन लावला.

"लावलात ना शेवटी हात?" ती म्हणाली. "आईची जन्मतारीख आहे. आबांना विचारा." फोन बंद!

"कोणती?" आबांनी विचारलं. "शाळेतली की खरी?"

"म्हणजे दोन आहेत?"

"शाळेत घालताना मास्तरांनी मनाने टाकली ती एक. खरी कुणालाच माहीत नाही. तिची आई म्हणायची, पूर आला त्या साली झाली. पण पूर तर दरसाल यायचा."

चष्मेवाल्यांनी शाळेतली टाकली. नाही! मग तीच टिंबं देऊन, रेघा देऊन, साल आधी, दिवस आधी. दर वेळी नकार आला की शेजारी बसलेल्या आबांचा चेहरा आणखी उतरायचा. त्यांनी आंघोळ केली नाही, जेवणाचं ताट परत पाठवलं, ओरडले मात्र एकदाही नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. चौदा सेकंद होते या माणसाकडे, आणि तेही आपण घालवले, या विचाराने चष्मेवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अडीचला एकदाचं उघडलं. कोपऱ्यात फाइल होती!

आता या तिसऱ्या रूपात एका टिचकीतच फाइल उघडायची. आबांनी सवयीने दोन मारल्या आणि ती दोनदा उघडली. सासूबाई बोलू लागल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ पुन्हा सासूबाई!

"अहो, गॅस... अहो, गॅस बंद केलात का? बंद केलात का?"

आबा खुर्चीतून अर्धे उठले आणि स्वयंपाकघराकडे बघू लागले. नेमकी त्याच क्षणी बायको दारात आली.

"हा काय खेळ मांडलाय माझ्या आईचा?" तिचे डोळे भरून आले. "आत्ताच्या आत्ता होतं तसं करून द्या!"

चष्मेवाल्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. दोन्ही नवी रूपं मुळासकट काढली, जुनं बसवलं, पासवर्डाची कटकट घालवली, फाइल बोटांनी अंतर मोजून जागेवर आणली. पाच वाजता आबांना बोलावलं.

आबांनी दोन टिचक्या मारल्या. सासूबाई एकदाच बोलल्या, अगदी स्वच्छ. चौदा सेकंद संपले तरी आबा उठेनात.

"ठीक आहे ना, आबा?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

"ठीक आहे." ते जरा घुटमळले. "दुपारी जास्त बरी होती."

"म्हणजे?" लेकीने विचारलं.

"चाळीस वर्षं गिरणीत मागावर काढली मी. कान तिथेच गेले. एकदा सांगितलेलं मला ऐकूच यायचं नाही, मग ती बिचारी प्रत्येक गोष्ट लागोपाठ दोनदा सांगायची. दुपारी अगदी तश्शी बोलली. मी गॅस बघायला उठलोसुद्धा!"

लेकीने डोळे पुसले आणि ती नवऱ्याकडे वळली. दिवसभरात पहिल्यांदाच तिचा आवाज मऊ होता.

"अहो, कसं केलं होतंत ते?"

"चुकून," चष्मेवाले म्हणाले.