अस्वलाची पळवलेली गोष्ट

कोळवडीत बोलता बोलता निर्णयाची वेळ आली, की समोरच्याच्या छातीपुढे दोन-तीन उत्तरं लिहिलेली येत, आणि त्यातल्या एकावर बोट ठेवल्याशिवाय पुढचं काही घडत नसे. तोवर समोरचा माणूस पापण्या मिटत-उघडत थांबून राही. गावाला त्याचं काही वाटत नसे. उलट ऐकलेलंच बोलणं पुन्हा सुरू झालं, तर अंगठा दाबून ते पळवता येई, ही सोय घरोघरी फार आवडीची होती.

शिवाय नगरपालिका प्रत्येक घराला एक क्षण राखून देई. वाटेल तेव्हा पालिकेत यावं, बाकड्यावर डोळे मिटून बसावं आणि त्या क्षणात जाऊन वेगळं उत्तर निवडून पाहावं. घराला क्षण एकच. नवा राखला की जुना पुसला गेला.

शालन देवकुळेनं राखलेला क्षण एका दुपारचा होता. मुलीला, मीनलला, पाहायला पाहुणे यायचे होते. काही बिघडलंच तर हाताशी असावा, एवढाच विचार. पाहुणे यायच्या आत तिचे यजमान, त्र्यंबकराव, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. हसतमुखानं गेले. त्याला इलाज नव्हता. पालिकेनं माणशी साधा, हसरा आणि रागीट असे तीन चेहरे दिलेले; दुखरा वेगळा मागून घ्यावा लागे आणि त्र्यंबकराव म्हणाले होते, "मला कशाला लागतोय?"

तेव्हापासून शालन त्या दुपारी जाऊन येई. त्र्यंबकरावांपुढे दरवेळी तीच दोन उत्तरं: "चहा टाकू का?" आणि "पाहुण्यांना पोहे करू का?" चहा टाकला तरी ते जात, पोहे केले तरी जात.

"डॉक्टरांकडे चला, असं उत्तर का येत नाही हो?" तिनं पालिकेतल्या निकाळजेंना विचारलं.

"ते उघडायला सकाळचं बोलणं पुरतं ऐकलेलं लागतं, वहिनी. त्यात ते हात दुखतो म्हणाले असणार. तुम्ही पळवलंत."

"अस्वलाची गोष्ट सुरू केली होती त्यांनी. जत्रेतलं अस्वल. शंभरदा झालेली."

"मग मध्येच काहीतरी नवं बोलले. माणसं बोलतात."

"सकाळचा क्षण मिळेल?"

"तुम्ही दुपारचा राखलाय."

पुढे मीनलचं लग्न झालं, दिवस गेले, आणि बाळ आडवं आहे असं डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्यात जायच्या सकाळी मायलेकी पालिकेत आल्या. बाळंतपण माहेरचं, म्हणून आताचा क्षण शालनच्या घराच्या नावावर राखायचा होता. मीनल पोटावर हात ठेवून बाकड्यावर टेकली.

"आई, नको असेल तर राहू दे."

"गप बस. मी पटकन जाऊन येते."

ती गेली. चहा टाकला. अंगठा मुठीत गच्च धरून समोर बसली. त्र्यंबकराव हसऱ्या चेहऱ्यानं सांगू लागले: जत्रेत कशी चुकामूक झाली, अस्वलवाल्यानं साखळी यांच्याच हाती देऊन विडी ओढायला कसा पळ काढला, गर्दीनं यांनाच अस्वलवाला समजून पैसे कसे टाकले. मग म्हणे अस्वलानं यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी तोंड आणलं. तिथे त्यांच्या हातातला कप पडला.

शालननं डोळे उघडले. निकाळजे म्हणाले, "पुसू?" त्यांच्या छातीपुढे दोन उत्तरं होती. तिनं "पुसा"वर बोट ठेवलं.

बाहेर रिक्षात बसताना मीनलनं विचारलं, "काय म्हणाले बाबा?"

"अस्वलाचं. कानाशी तोंड आणलं म्हणाले."

"आणि?"

"पुढचं तुला असेल ठाऊक. तुला तर लहानपणापासून सांगायचे."

मीनलनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"मीसुद्धा पळवायचे, आई," ती म्हणाली.

शालननं रिक्षावाल्याला सावकाश घ्यायला सांगितलं.