सुरात मिसळल्यामुळे गैरहजर

वृंदगान मंडळाच्या दुसऱ्या रांगेत खांबाला लागून जो गृहस्थ उभा राही, त्याला सगळे ॲडमिन म्हणत. मंडळाचा ग्रुप तोच चालवी आणि घरच्या गोतावळ्याचाही तोच. कुटुंबानं एकत्र जेवायचं ठरलं की तारखेसाठी मतदान, कोण कुणाशेजारी बसणार याचा नकाशा आणि विसराळू काकांना दर तासाला वाजणारी आठवण, हे सगळं तो हौसेनं करी. बाजारात नवं यंत्र आलं की त्याच्या जिवाची तगमग होई, आणि ते घरात आल्यावर घरच्यांच्या जिवाची.

गाण्यात मात्र तो जुन्या वळणाचा होता. त्याची आई याच मंडळात उमेदीची सगळी वर्षं गायली होती, आणि तिनं त्याला एकच धडा दिला होता. "शेजारच्याला तू गातोयस हे कळलं, तर तू चुकलास." ॲडमिननं हा धडा इतका अंगी मुरवला होता की तो गातो की नुसता उभा राहतो, हे शेजारच्या पोस्टमास्तरांना आजवर समजलं नव्हतं. मंडळाचं गाणं अशाच चारदोन आवाजांवर उभं होतं. अर्थात त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं.

मंडळाची खरी अडचण हजेरीची होती. सभासद एकमेकांच्या सह्या ठोकत. परदेशी स्थायिक झालेल्या एका सभासदाची हजेरी तर चिटणीसांपेक्षा चांगली निघाली. चिटणीस सरकारी खात्यातून निवृत्त झालेले होते. त्यांना ही गोष्ट जिव्हारी लागली. "मंडळाची उपस्थिती वस्तुनिष्ठ, पारदर्शक व मानवी हस्तक्षेपापासून मुक्त असावी," असा ठराव त्यांनी मांडला. त्यावर ॲडमिनचा हात वर गेला.

"आवाजावरून हजेरी घेणारं यंत्र आलंय. प्रत्येकाचा आवाज एकदा नोंदवायचा. मग गाताना ते आपोआप ओळखतं, कोण आहे आणि कोण नाही."

टाळ्या पडल्या. ज्याची हजेरी सत्तर टक्क्यांच्या खाली जाईल त्याला वार्षिक कार्यक्रमात मंचावर उभं राहता येणार नाही, असं पोटकलमही जोडलं गेलं. त्याला अनुमोदन ॲडमिननंच दिलं. आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घ्यायचा तर तो निदान नियमानुसार पडावा, एवढं त्यानं पाहिलं.

पहिला मासिक अहवाल फळ्यावर लागला. बेसूर म्हणून मागच्या रांगेत ठेवलेले वकीलसाहेब पूर्ण हजर होते. तालमीच्या खोलीच्या दाराची बिजागरी दर वेळी करकरे. यंत्रानं तिची नोंद 'नवीन सदस्य, नियमित' अशी केली होती. ॲडमिन महिनाभर गैरहजर होता.

"साहेब, मी रोज येतो. खुर्च्या मीच मांडतो," तो चिटणीसांना म्हणाला.

"येता, हे मी बघतो ना! पण मी बघणं म्हणजे मानवी हस्तक्षेप."

"मग बाईंना विचारा."

मंडळाच्या संचालिकाबाई पुढे आल्या. "अहो, हे आहेत म्हणून खालची बाजू सावरलेली आहे. यांचा आवाज वेगळा निघत नाही, हेच तर यांचं कसब!"

"वेगळा निघत नाही ना? म्हणजे यंत्राचं आणि तुमचं एकमतच झालं की!" चिटणीस म्हणाले, आणि 'संचालिकांचाही दुजोरा' असा शेरा त्यांनी अहवालावर मारला.

ॲडमिनचा जीव कासावीस झाला. या वर्षीच्या कार्यक्रमाला त्याची आई येणार होती. गुडघ्यांमुळे तिचं येणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. तिच्यासाठी सगळं कुटुंब गोळा होणार होतं, दुसऱ्या दिवशी घरी एकत्र जेवण होतं, आणि पहिल्या रांगेतली खुर्ची तिच्यासाठी त्यानं राखून ठेवली होती. मंचावर आपण नसलो तर तिनं काय बघायचं? त्यानं यंत्राच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, "सर, इतरांपेक्षा थोडं वेगळं गा. यंत्रात दोष नाही."

दुसऱ्या दिवशी ॲडमिननं सूर किंचित वर चढवला. यंत्रावर हिरवा दिवा लागला. शेजारच्या पोस्टमास्तरांनी दचकून त्याच्याकडे पाहिलं, आणि गुपित कळल्यावर तेही चढले. मग त्यांच्यात आपण बुडतोय म्हणून पुढची रांग चढली. काही दिवसांत मंडळाची हजेरी शंभर टक्के झाली आणि तालमीची वेळ झाली की समोरचा शिंपी दुकानाचं शटर ओढून घेऊ लागला. बाईंनी राजीनामा दिला. त्यांची हजेरी मुळातच शून्य असल्यामुळे तो स्वीकारायला अडचण आली नाही. बिजागरीला कुणी तेल घालू नये, अशी सूचना दारावर लावण्यात आली. सदस्याच्या आवाजात ढवळाढवळ नको.

कार्यक्रम जोरात झाला. टाळ्या थांबेनात, कारण प्रत्येक घराला आपला माणूस पहिल्यांदाच वेगळा ओळखू आला होता. ॲडमिन घामाघूम होऊन आईजवळ गेला.

"आज तू ऐकू आलास," आई म्हणाली, आणि चष्मा पुसू लागली.

सगळ्या सभागृहात ही एकच दाद त्याला झोंबली. मान खाली घालून तो घरी आला. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलाच्या मधोमध घरच्या सगळ्यांचे आवाज नोंदवलेलं तेच यंत्र होतं. धाकटा भाऊ बरेच दिवस कुरकुरत होता की घरच्या ग्रुपमध्ये अर्धी माणसं नुसती नावाला आहेत, ती काढून टाका. त्याचा निकाल यंत्रानंच लावावा, म्हणजे वाईटपणा कुणाकडेच नाही, असं ठरलं.

जेवण छान झालं. काकांनी बढती हुकल्याची कथा पुन्हा सांगितली, भावानं गाडीचे गुण गायले, ताईनं दोघांची टिंगल केली. हात धुवायच्या आत ग्रुपवर अहवाल आला. काका पहिले, भाऊ दुसरा, ताई तिसरी, मिक्सर चौथा. शेवटी एक ओळ होती : 'आई – अनुपस्थित. निष्क्रिय सदस्य म्हणून नाव कमी करण्यात आले आहे.' स्वयंपाकघरात आईचा फोन टिंग वाजला.

"आई, तू जेवताना काहीच बोलली नाहीस?" ॲडमिननं आत जाऊन विचारलं.

"बोलले की. भात वाढू का, म्हणून विचारलं. सगळ्यांना विचारलं."

"कधी?"

"तुम्ही बोलत होतात ना, तेव्हा."

ॲडमिन तावातावानं बाहेर आला. पहिल्यांदाच त्याला एखाद्या यंत्राचा राग आला होता. "हा अहवाल खोटा आहे! आई बोलली होती. सांगा, काय बोलली ती?"

काका छताकडे बघू लागले. भावानं ताईकडे पाहिलं, ताईनं रिकाम्या ताटाकडे. तिच्या ताटात भात दोनदा वाढलेला होता.

"दादा, तुला तरी ऐकू आलं होतं का?" भावानं विचारलं.

आतून भांडी विसळल्याचा आवाज येत होता आणि यंत्र त्याची नोंद घेत होतं.

"मग मशीनला कशाला नावं ठेवायची?" भाऊ म्हणाला. अहवाल एकमतानं कायम झाला.

इथवर वाचून ज्यांना या कुटुंबाचं हसू आलं असेल किंवा राग आला असेल, त्यांनी कृपया एक करावं. आपल्या घरी सगळे शेवटचे एकत्र जेवले, तेव्हा वाढणारं माणूस काय बोललं, ते आठवून पाहावं. आठवत नसेल तर घाबरू नये. मदत केंद्राच्या म्हणण्यानुसार यंत्रात दोष नाही.